नदीकाठी चालायची वाट आणि पादचारी पूल: पूररेषेच्या आत बांधू द्यावं का?

मुक्ता_सिंहगडरोड
बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, थोडा लांबेल.

आम्ही सिंहगड रोडला राहतो, राजाराम पुलाच्या वरच्या अंगाला. गच्चीतून मुठा दिसते. मागच्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर बैठक झाली. दोन जण लॅपटॉप घेऊन आले होते, त्यांनी पडदा लावून चित्रं दाखवली. नदीकाठाने चालायची-पळायची वाट, मधे बाकं, दिवे, आणि वाटेच्या टोकाला पलीकडे कर्वेनगरात उतरणारा पादचारी पूल. चित्रात नदी निळीशार, काठावर हिरवळ, एक बाई गुबगुबीत कुत्रा घेऊन चाललीय. (आमच्या काठावर आज काय आहे ते सांगत नाही, कोणी जेवत असेल.) मंजूर काहीच नाही म्हणे, फक्त रहिवाशांचा कल बघायचा होता.

कल विचाराल तर सगळे खूश. मीसुद्धा. सासूबाईंना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि सिंहगड रोडवर चालणं म्हणजे काय ते इथल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई कर्वेनगरच्या. त्यांची चाळ समोर दिसते, पण यायला राजाराम पुलाचा वळसा. शेजारच्या मुलीचं कमिन्स कॉलेज, तेही पलीकडेच.

पण बैठक संपल्यावर जिन्याने खाली आले आणि पार्किंगच्या खांबाकडे लक्ष गेलं. २५ जुलै २०२४ ला तिथे माझ्या कमरेच्या वर पाणी होतं. चिखलाची रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला, पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की पुन्हा वर येते. माझी ॲक्टिव्हा त्या पाण्यात गेली ती गेलीच. वर जाऊन लॅपटॉपवाल्यांना विचारलं, "त्या दिवशी हा पूल कुठे असला असता?" ते म्हणाले, "मॅडम, ती काळजी डिझाइनमध्ये घेतली जाते."

पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. मला विरोधासाठी विरोध करायचा नाही. नेमकं काय विचारू, एवढंच सांगा.

अनुस्वार
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पुण्यात नदी आणि पूल म्हटलं की शंभर प्रतिसाद नक्की.

पेठकर_नाना
मुक्ताताई, मी १९६१ साली आठ वर्षांचा होतो. १२ जुलै. आम्ही नारायण पेठेत तळमजल्यावर. आईने चुलीवरचं आधण तसंच टाकलं, धाकटीला काखेत घेतलं, माझा दंड धरला आणि पर्वतीच्या दिशेने निघाली. मागे वळून बघायचं नाही म्हणाली होती, मी बघितलं. आमच्या आळीतून लाकडी कपाट तरंगत चाललं होतं, दार उघडं, आतल्या साड्या दिसत होत्या. पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं हे सगळं नंतर कळलं.

तेव्हापासून माझं एकच मत. नदीच्या अंगणात आपण पथारी टाकू नये. नदीपात्रात रस्ता केला, चौपाटी केली, गाड्या लावल्या. दर पावसाळ्यात त्यातल्या काही गाड्या वाहतात आणि दर पावसाळ्यात लोकांना आश्चर्य वाटतं. आता वाट आणि पूल. चालायला पर्वती आहे की.

मुक्ता_सिंहगडरोड
नाना, सासूबाईंचे गुडघे पर्वती म्हटल्यावर आत्ताच दुखायला लागले.

मोजपट्टी
पुलांच्या डिझाइनमध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रेषा. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. मुठेच्या बाबतीत निळी म्हणजे खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी), लाल म्हणजे १ लाख. निळ्याच्या आत निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम नाही. पण बागा, मैदानं, हलकी पिकं असा मोकळा वापर चालतो. म्हणजे नाना म्हणतात तसं कागदावरही अंगणच आहे, खेळायला हरकत नाही, खोली बांधायची नाही.

आता तुमच्या खांबावरची रेघ. त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. वरून धो धो पाऊस आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी वेगळं. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशोबातल्या विसर्गाच्या निम्म्याहून जरा जास्त पाण्यात तुमच्या कमरेच्या वर आलं. हे वाक्य पुढच्या बैठकीत जसंच्या तसं वापरा.

खडकवासला हे छोटं भांडं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पानशेत १०.६५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, आणि या सगळ्यांच्या खाली बसलेलं खडकवासला फक्त १.९७. दिवसभर ३५ हजार क्युसेक सोडलं तर ३ टीएमसी होतात, म्हणजे आख्ख्या खडकवासल्याहून जास्त. वरची तीन भरलेली असली आणि पाऊस थांबत नसला, तर खालच्याने पाणी धरून ठेवावं म्हटलं तरी कुठे ठेवणार? म्हणून पाणी चढतं ते काही तासांत चढतं. "पूर येईल तेव्हा बघू" हे मुठेच्या काठी चालत नाही.

कट्टेकरी
अवांतर: पुणेकराला क्युसेक कळत नाही. त्याचं एकक एकच, नदीपात्रातला बुटका भिडे पूल. 'भिडे पूल पाण्याखाली गेला का?' गेला असेल तर पूर, नसेल तर पाऊस.

आयर्विनचा_फूट
आम्ही सांगलीकर फुटांत बोलतो. "आयर्विनला किती?" म्हणजे आमच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा किती. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर. आमच्याकडे भाजीवालासुद्धा सांगतो की कितव्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं. मुक्ताताई, तुमच्या सोसायटीने तरी हे करून ठेवलंय का? एवढ्या क्युसेकला आपल्या गेटात पाणी, एवढ्याला पार्किंगमध्ये?

मुक्ता_सिंहगडरोड
नाही केलेलं. आम्ही व्हॉट्सॲप बघतो.

बंडू_बायपास
सगळ्या चांगल्या गोष्टींना तुम्ही लोक मोडता घालता. मेट्रोच्या वेळी हेच. नदीपात्रात १.७ किलोमीटर खांब, प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं, आज त्याच मेट्रोने जाता ना सगळे? साबरमतीला बघा. दोन्ही काठांनी फिरायला वाट, अटल पूल ३०० मीटरचा, २०२२ ला झाला, बाहेरून लोक तिकीट काढून बघायला येतात. आपण मात्र नदीकाठी नाक धरून चालायचं.

मोजपट्टी
बंडूशेठ, मेट्रोचं तुमचं उदाहरण माझ्याच कामाचं आहे. मेट्रोचा रूळ उंच आहे, पाण्यात उभे आहेत ते खांब. पाणी खांबाला वळसा घालतं. पाण्याला खरा अडथळा होतो तो भरावाचा. तुमच्या घराजवळचंच घ्या. विठ्ठलवाडीपासून बायपासपर्यंत नदीकाठाने रस्ता करायला माती-मुरूम टाकला होता. २०१३ ला हरित न्यायाधिकरणाने सांगितलं, निळ्या रेषेतून हलवा नाहीतर खांबांवर घ्या. रस्ता नको असं म्हटलं नव्हतं. भरावावर नको म्हटलं होतं.

साबरमतीचं गणित वेगळं. तिथे दोन्ही बाजूंना भिंती बांधून पात्राची रुंदी ठरवून टाकली आणि पूल त्या भिंतींवरून भिंतींवर गेला. पात्रात बारा महिने पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं. मुठेला तसं करायचं तर आधी भिंती बांधाव्या लागतील, आणि भिंतीत अडलेलं पाणी कुणाकडे तरी जाणारच. तो "कुणीतरी" बहुतेक समोरच्या काठाला किंवा खालच्या पुलाला राहतो.

आता पादचारी पुलाबद्दल. दोनच प्रकार धडाचे. एक, पूर्ण वर. म्हणजे पुराची जी उंची धरली असेल तिच्यावर पुलाचं पोट असलंच पाहिजे, आणि वर मोकळी हवा. सेकंदाला ३०० ते ३००० घनमीटर प्रवाह असेल तर आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ही मोकळी जागा किमान १.२ मीटर. आपले ६० हजार क्युसेक म्हणजे १७०० घनमीटर, लाखभर म्हणजे २८०० च्या आसपास. दोन्ही त्यातच बसतात.

दुसरा प्रकार, बुडणारा. खेड्यात फरशी पूल म्हणतो तो. जाड, बुटका, कठडा काढता किंवा पाडता येणारा. पूर आला की तो पाण्याखाली गप बसतो, ओसरला की धुऊन पुन्हा वापरायचा.

वाईट तो तिसरा. चित्रात सुंदर दिसतो म्हणून मध्येच कुठेतरी उंचीवर बांधलेला, बारीक गजांच्या कठड्याचा. कारण नदी नुसतं पाणी आणत नाही. गादी आणते, निर्माल्याच्या पिशव्या आणते, उंबराची आख्खी फांदी आणते. चहाच्या गाळणीत पत्ती अडकावी तसा कठडा एका तासात भरतो आणि कठड्याची भिंत होते. ढोबळ हिशोब करून दाखवतो. पाण्याचा वेग सेकंदाला ३ मीटर, सपाट अडथळा, तर दर चौरस मीटरला ७०० किलो जोर. कठडा १.२ मीटर उंच आणि पूल ६० मीटर लांब, म्हणजे ७२ चौरस मीटर, म्हणजे ५० टन. आडवे. पूल टिकला तर वरच्या अंगाला पाण्याची फुगी, आणि वरच्या अंगाला कोण राहतं, मुक्ताताई? पूल गेला तर तो राजाराम पुलाच्या खांबांना जाऊन भिडणार.

अनुस्वार
दंडवत. वाचनखूण साठवली.

वाडीचा_पोरगा
धागा वाचून राहवलं नाही. आम्ही शिरोळ तालुक्यातले. नरसोबाची वाडी कितीजणांनी पुरात बघितली आहे?

कृष्णा-पंचगंगेचा संगम, देऊळ अगदी पाण्याला लागून. पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की आधी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. मग पाणी गाभाऱ्याच्या उत्तर दारातून आत येतं, दत्ताच्या पादुकांवरून जातं आणि दक्षिण दाराने बाहेर पडतं. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. लोक गाडी करून येतात त्या पाण्यात अंघोळ करायला. आमच्यात फोन येतो, "दक्षिणद्वार झालं, येताय काय?" पूर आल्याचा फोन आहे तो, पण आवाजात सुतकी काही नसतं.

पाणी उतरल्यावर काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. घाटाच्या पायऱ्यांवर वीतभर, कुठे हातभर गाळ असतो. ओला असतानाच काढायचा, सुकला की सिमेंट होतो. ओसरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे खराटे घेऊन माणसं उतरतात आणि नदीचंच पाणी मारून गाळ नदीतच ढकलतात. एक पायरी उघडी पडली की ती धुवायची, मग पुढची. चार दिवस वाट बघितली तर कुदळ लागते. कुणाच्या वाट्याला कुठली जागा हे ठरलेलं असतं, त्यासाठी मीटिंग घ्यावी लागत नाही.

वाईचे घाट, सांगलीचे घाट, आमचा घाट, ही सगळी पूररेषेच्या आतलीच बांधकामं आहेत की. काळा दगड, आत पोकळ काही नाही, वीज नाही, अडकेल असं टोक नाही. मुक्ताताई, त्या लॅपटॉपवाल्यांना एवढंच विचारा, गाळ कोण काढणार आणि कितव्या दिवशी?

पेठकर_नाना
पोरा, हे छान लिहिलंस. माझं मत बदललं नाही, पण वाडीला यायला हवं एकदा जुलै-ऑगस्टात.

व्हाळकाठी
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे या विषयावर आख्खा शब्द आहे, साकव. मृगाच्या आधी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव घालायचा. माडाचे दोन ओंडके, वर आडवे बांबू, काथ्याने करकचून बांधलेले, धरायला एका बाजूला एक उभा-आडवा बांबू. शाळेत जायची वाट तीच. ओला झाला की हिरवा गुळगुळीत, चपला हातात. मोठा पूर आला की साकव जायचा. मी एकदा रडलो होतो, माझी छत्री त्याच्याबरोबर गेली म्हणून. आजोबा म्हणाले, "व्हाळाचा व्हाळान नेल्यान, रडतास कित्याक?" दुसऱ्या दिवशी वाडीतले चार जण नवे बांबू घेऊन हजर.

आता सगळीकडे सिमेंटचे साकव आहेत. चांगलंच झालं, बाळंतिणीला डोलीतून न्यावं लागत नाही. पण एक फरक पडला. बांबूचा साकव कमकुवत आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून पुरात त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही. सिमेंटच्या साकवावरून पाणी वाहत असतानाही लोक बाइक घालतात.

मोजपट्टी
शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. कुंडमळ्याची आठवण झाली. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा लोखंडी पूल, वय तीस-बत्तीस वर्षं. पुराने नेला नाही तो. पूर बघायला आलेल्या माणसांच्या भाराने गेला, चार जीव गेले, पन्नासहून जास्त जखमी. पाणी वाढलं की पुलावर माणसं कमी होतील असं गृहीत धरू नका. आपल्याकडे पाणी वाढलं की पुलावर माणसं वाढतात. सेल्फी, भजी, सगळं तिथेच.

पादचारी पुलाला साधारणपणे चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. जिथे जत्रा भरते, यात्रा लागते, तिथे ५००. पुढच्या बैठकीत विचारा कुठला आकडा धरलाय. पुण्यात गणपती विसर्जनाचा दिवस ही जत्राच आहे, आणि विसर्जन पुलावरूनच बघतात. दोन्ही टोकांना दुचाकी जाणार नाही असे खांब रोवणार का, हेही विचारा. नाहीतर वर्षभरात तुमचा पादचारी पूल ॲक्टिव्हा पूल होईल.

बंडू_बायपास
एकूण निष्कर्ष काय, काहीच बांधू नका?

ह्यूस्टनचा_बंड्या
बंडू_बायपास, नावबंधू आहात म्हणून मीच उत्तर देतो. बांधा, पण बुडायला बांधा.

मी ह्यूस्टनला असतो. इथे शहराच्या मधून बफेलो बायू नावाची संथ, गढूळ नदी जाते. तिच्या काठाला १६० एकरांचं पार्क आहे, पायवाटा, पादचारी पूल, सगळं. काम २०१५ ला पूर्ण झालं, ५.८ कोटी डॉलर लागले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं. शहराच्या वर ॲडिक्स आणि बार्कर ही पूर अडवायची दोन धरणं आहेत, ती भरली आणि त्यांतून पाणी सोडत राहिले. त्यामुळे पाऊस थांबला तरी पार्क कितीतरी दिवस पाण्याखाली. तुमच्या खडकवासल्याचीच गोष्ट, फक्त इंग्रजीत.

पाणी उतरल्यावर मी गेलो होतो. कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण घातलेलं मैदान आहे, ते गाळाखाली गेलं होतं. कुंपणाचं वरचं टोक तेवढं दिसत होतं. पण पायवाट खालून काँक्रीटची शाबूत निघाली. लोडर आणून गाळ उचलला, काही महिन्यांत लोक पुन्हा पळायला लागले. पाण्याच्या अगदी जवळची वाट खालची आणि काठावर उंच दुसरी, अशा दोन वाटा आहेत. खालची बुडाली तरी वरची बरेचदा सुरू असते.

मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट पैशांची आहे. किंडर फाउंडेशनने या पार्कला ३ कोटी डॉलर दिले. देताना दरवर्षीच्या देखभालीचा खर्च शहराच्या निधीतून कसा येणार ते आधी ठरवून घेतलं. म्हणजे वाडीचा_पोरगा विचारतोय तोच प्रश्न, गाळ कोण काढणार. उद्घाटनाच्या फितीआधी त्याचं उत्तर झालेलं होतं.

वाळुंजाखाली
सगळे पुलाबद्दल बोलताय, मी वाटेबद्दल बोलते. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन याच काठाला असते.

पाण्याच्या कडेला अजून वाळुंज आहेत. हे झाड पुरात वाकतं, चिखलात माखतं, आणि पंधरा दिवसांत नवी पालवी काढून उभं असतं. त्याच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवलाय. चित्रातली ती हिरवळ म्हणजे लॉन आहे. लॉनची मुळं बोटभर. पहिल्या पुरात चटईसारखी गुंडाळून जाईल, मग काठ ढासळू नये म्हणून जाळीतले दगड येतील, मग त्यावर काँक्रीट. ही वाट मी दोन ठिकाणी बघितली आहे.

वाट काठापासून थोडी आत घ्या, वाळुंज, करंज, उंबर आहेत तिथून तिला वळवा. सरळ नाही झाली तर बिघडत नाही, आपण काही रेल्वे टाकत नाही. आणि दिवे रात्रभर नकोत. पक्ष्यांसाठीही नकोत आणि...

मोजपट्टी
...आणि विजेसाठीही. २०२४ च्या त्याच सकाळी डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यात विजेचा धक्का बसून तीन जण गेले. पूररेषेतला प्रत्येक दिव्याचा खांब हा प्रश्न आहे. पेटी कुठे बसवणार? लाल रेषेच्या वर हवी. पाणी चढायला लागलं की पुरवठा कोण तोडणार, आपोआप की फोनवर?

ठाण्याची_ठकी
एक व्यावहारिक शंका. पूल एवढा उंच घ्यायचा तर व्हीलचेअर, प्रॅम, मुक्ताताईंच्या सासूबाई वर कशा चढणार?

मोजपट्टी
ठकीताई, अगदी नेमकं बोट ठेवलंत. समजा जमिनीपासून पूल ६ मीटर उंच. चाकाच्या खुर्चीला बाराला एक असा चढ लागतो, म्हणजे ७२ मीटरचा रॅम्प. वर मधे मधे थांबायला सपाट जागा. एवढा लांब रॅम्प मावणार कुठे? नदीकाठच्या मोकळ्या जागेत, म्हणजे पूरमैदानात. स्वस्तात करायचा तर दोन बाजूंना भिंती, आत मुरूम. हा झाला भराव, विठ्ठलवाडीचा धाकटा भाऊ. सगळे चित्रातल्या पुलाकडे बघतात, पाणी अडवतो तो हा रॅम्प. म्हणून रॅम्पही खांबांवर हवा, खालून पाणी आरपार गेलं पाहिजे. खर्च वाढतो. वाढू दे.

पुढच्या बैठकीत नकाशा मागा, चित्र नको. नकाशावर पुलाच्या पोटाची पातळी, निळ्या आणि लाल रेषेची पातळी, रॅम्प खांबांवर की भरावावर, हे लिहिलेलं असतं. आणि पुलामुळे वरच्या बाजूला पाणी किती सेंटीमीटर चढेल याचा अभ्यास झालाय का ते विचारा. झाला असेल तर आकडा सांगतील. नसेल तर "डिझाइनमध्ये काळजी घेतली जाईल" असं सांगतील.

बंडू_बायपास
बरं, हे मान्य. भरावाचं मला खरंच माहीत नव्हतं. पण पोळ्यांवाल्या ताईंसाठी पूल झालाच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

पेठकर_नाना
त्यांच्यासाठी असेल तर मीही गप्प बसतो. कुत्रा फिरवायला मात्र नको.

संपादक
विषयाला धरून राहिल्याबद्दल आभार. राजकीय शेरेबाजीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मुक्ता_सिंहगडरोड
पाच आठवड्यांनी परत येतेय. काल दुसरी बैठक झाली.

तुमचे प्रश्न छापून नेले होते. ताईंनाही घेऊन गेले, म्हटलं पूल कोणासाठी ते समोर दिसू दे. आधी कोणी त्यांना खुर्ची दिली नाही, मग दिली. त्या म्हणाल्या, "मला दिवे नकोत, बाक नको. पावसाळ्यात सकाळी सहाला चालू पाहिजे, एवढंच." लॅपटॉपवाल्याने ते वहीत लिहून घेतलं, हे मी डोळ्यांनी बघितलं.

नकाशा मागितला. या वेळी आणला होता. पुलाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये होती. आमच्यापैकी कुणाला त्यातून काही कळेना. मग त्यांच्यातला एक अगदी पोरगेलासा सर्व्हेअर म्हणाला, "काकू, तुमची ती रेघ कुठाय?" तिपाईवरची दुर्बीण घेऊन खाली पार्किंगमध्ये आला. खांबाला पट्टी लावली. फरशीपासून चार फूट दोन इंच. रस्त्याच्या कडेच्या खुणेवरून त्याने रेघेची पातळी काढली आणि नकाशावर पेन्सिलीने आडवी ओढली.

चालायची वाट सगळीच्या सगळी रेघेखाली. ते चालेल असं मोजपट्टींनी सांगितलंच होतं, बुडू दे. पुलाचं पोट रेघेच्या जेमतेम हातभर वर. आणि रॅम्प भिंतीचा, आत भराव, बरोब्बर आमच्या गेटाच्या खालच्या अंगाला. पोरगा बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला. मोठे साहेब म्हणाले, "हा प्राथमिक आराखडा आहे." पाणी किती चढेल त्याचा अभ्यास अजून झालेला नाही, तो केल्याशिवाय पुढे जाणार नाही असं लिहून द्यायला तयार झाले. सचिवांनी तिथेच इतिवृत्तात घालून सही घेतली. गाळाच्या प्रश्नावर "ठेकेदाराकडे तीन वर्षं" असं उत्तर आलं. चौथ्या वर्षी कोण, ते विचारलं तेव्हा चहा आला.

वाडीचा_पोरगा
चौथ्या वर्षाचं पुन्हा विचारा. चहा पिऊन झाल्यावर.

आयर्विनचा_फूट
त्या पोराने पेन्सिलीने ओढलेली पातळी खांबावर ऑइलपेंटने लिहून ठेवा, तारीख आणि क्युसेकसकट. पुढच्या वेळी रंग देणाऱ्याला सांगा, तेवढी जागा सोडून.

मुक्ता_सिंहगडरोड
लाल रंगाचा डबा आणलाय. भिंत सुकायची वाट बघतेय.